मास्तरांनी ब्रेक दाबला

मास्तरांनी बाईंचं ऐकलं असतं, तर पुढची शोभा टळली असती.

मास्तर म्हणजे मोटार ड्रायव्हिंग शिकवणारे. त्यांची सात वर्षांची चिंगी इतकी हुशार, की गणित फळ्यावर लिहून होण्याआधी तिचं उत्तर तयार. मग उरलेला सगळा वेळ मोबाइलवरच्या गाड्यांच्या शर्यतीत. "तिला ओरडू नका," तिच्या वर्गाच्या बाईंनी तिच्यासमोरच समजावलं होतं. "शेजारी बसा आणि वेळेचा नियम तिलाच ठरवू द्या."

मास्तर शेजारी बसले आणि भलतंच बोलून गेले. "लाव शर्यत. मी जिंकलो तर गेम फक्त सुट्टीच्या दिवशी. तू जिंकलीस तर हवा तेवढा वेळ खेळ." (अर्धं आयुष्य गाडीत काढलेल्या माणसाला ही चिमुरडी काय हरवणार?)

पहिल्याच वळणावर मास्तर गेममधल्या तळ्यात गेले. बायको दारातून बघत होती. "ही नुसती रंगीत तालीम," मास्तर घाईघाईने म्हणाले. "खरी शर्यत रविवारी."

आता सराव करणं आलं. घरी करावा तर चिंगी बघणार, म्हणून मास्तर शिकवणीच्या गाडीतच सराव करू लागले.

त्या दुपारी शिकायला नेमक्या बाईच होत्या. मधल्या सुट्टीत शाळेच्या आवारात त्या गाडी अशी चालवत होत्या, की पायी जाणारी पोरं पुढे निघून जात. मास्तरांनी निर्धास्तपणे मोबाइल मांडीवर घेतला.

"मास्तर, समोर कुंड्या आहेत."

"असू द्या." मास्तर तळ्याकाठच्या वळणावर पोचले होते.

"ब्रेक कुठला हो?"

"मधला."

"मास्तर, कुंड्या जवळ आल्या!"

असल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक असतो. मास्तरांनी मान वर केली, धोका ओळखला आणि सगळा जीव एकवटून ब्रेक दाबला. अंगठ्याने.

मोबाइलमधली गाडी जागच्या जागी थांबली. खरी गाडी दोन कुंड्या आडव्या करून मुख्याध्यापकांच्या खिडकीखाली बंद पडली. अख्खी शाळा गोळा झाली, आणि सगळ्यांत पुढे चिंगी. बाईंनी पायाशी पडलेला मोबाइल उचलला, त्याच्यावर तळ्याकाठी थांबलेली गाडी पाहिली आणि तो मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांना इतकी लाज वाटली, की माती भरायच्या निमित्ताने ते कितीतरी वेळ कुंड्यांपाशी खाली मान घालून बसले.

संध्याकाळी बायकोने कंबरेवर हात ठेवले. "काय म्हणावं या माणसाला—"

"आई, ओरडू नकोस ना," चिंगी म्हणाली आणि बाबांच्या शेजारी येऊन बसली. "नियम त्यांनाच ठरवू दे."

बायकोच्या ओरडण्यापेक्षा हे फार लागलं. मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "गाडीत मोबाइल नाही. गेम फक्त सुट्टीच्या दिवशी."

"मग माझाही सुट्टीच्या दिवशीच," चिंगी म्हणाली. "एकट्या बाबांनाच कशाला?"

म्हणजे पैज न जिंकताच मास्तरांना हवं ते मिळालं, पण बापाची कीव येऊन मिळालं. मग बायको आत गेल्याचं बघून त्यांनी हळूच विचारलं, "पण चिंगे, तळ्याकाठी ब्रेक वेळेवर दाबला होता हं मी. तेवढं तरी बरोबर ना?"

चिंगीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"बाबा, त्या वळणावर ब्रेक दाबायचाच नसतो."