दुसऱ्या ओळीतला तिसरा चौकोन

धुळ्यातल्या आमच्या कॉलनीत देवरे नानांच्या दारावर दोन पाट्या आहेत. वरच्या पाटीवर 'प्रभाकर देवरे' एवढंच. खालची पाटी नानांनी स्वतः रंगवलेली : 'या घरातील कोणतेही उपकरण अपडेट केले जात नाही. कृपया आग्रह करू नये.'

पाटी वाचून माणसं गोंधळतात. गॅसची टाकी आणणाऱ्याने एकदा मला हळूच विचारलं, "यांना भरलेली टाकी चालेल ना?" मतदारयादी तपासायला आलेल्या बाई तर दारातूनच परत फिरल्या. नाना चप्पल न घालता रस्त्यापर्यंत धावले, त्यांना परत घेऊन आले, चहा पाजला आणि अपडेट या विषयावर अर्धा तास बोलले. बाईंचं पुढच्या सहा घरांचं काम त्या दिवशी राहिलं.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहते, शाळेत शिकवते. मी या कॉलनीत लग्न होऊन आले तेव्हा हेच नाना प्रत्येक नव्या वस्तूचे पहिले गिऱ्हाईक होते. एका तांत्रिक शाळेत रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकवण्यात त्यांची सारी नोकरी झाली. गावातले निम्मे दुरुस्तीवाले त्यांचे विद्यार्थी. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर असायचा. नवी वस्तू घरी आली की ती चालू करण्याआधी ते उघडायचे. "आधी आत कोण राहतं ते बघायचं, मग बाहेरून हाक मारायची," असं म्हणायचे. नाना आणि कुसुमअक्का, दोघंच. मूलबाळ नव्हतं. नवी वस्तू आली की अक्का तिला हळदकुंकू लावायच्या आणि नाना तिची वॉरंटी संपवायचे.

पुढे वस्तू शहाण्या झाल्या आणि नानांचे दिवस फिरले. कपडे धुण्याचं मशीन फोनवरून चालवता येतं म्हणून त्यांनी आणलं, तर ते अटी मान्य करा म्हणू लागलं. आपण सगळे न वाचता मान्य करतो. नानांनी छापून घेतल्या. तीन दिवस वाचल्या, लाल पेनाने खुणा केल्या, आणि चौथ्या दिवशी माझ्या दारात उभे. "ताई, धुण्याच्या मशीनला माझ्या ओळखीच्या लोकांचे नंबर कशाला पाहिजेत? ते काय त्यांना फोन करून सांगणार, की देवऱ्याचे पायजमे धुऊन झाले?" तोवर अक्कांनी तीन दिवसांचे कपडे हाताने धुतले होते.

मग तो बल्ब. इंटरनेटवरून रंग बदलणारा. पाहुण्यांना दाखवायला नानांनी तो जांभळा केला, त्याच वेळी इंटरनेट गेलं, आणि बल्ब जांभळा तो जांभळाच राहिला. बटण बंद करून चालू केलं तरी जांभळा. पासवर्ड नाना विसरले होते. जगात कुलपाची किल्ली हरवते, नानांच्या बल्बचा पासवर्ड हरवला. दोन दिवस त्यांच्या बैठकीत बसलेला माणूस आजारी दिसायचा.

बोललेलं ऐकणारं यंत्र आणलं तेव्हा मी हजर होते. नाना खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "पंखा बंद कर." यंत्राने हिंदी गाणं लावलं. त्यांनी प्रमाण मराठीत सांगून पाहिलं, इंग्रजीत सांगून पाहिलं, शेवटी चिडून अहिराणीत ओरडले. यंत्र म्हणालं, "माफ करा, मला समजलं नाही." आतून अक्का आल्या, भिंतीवरचं बटण खटकन दाबलं आणि म्हणाल्या, "तुमनं बोलनं माले चाळीस वरीसमा समजनं नही, त्या डबडाले काय समजी?" पदर तोंडाला लावून किती वेळ हसत होत्या. त्यांचं ते हसणं मला लख्ख आठवतं, कारण नंतर तसं हसणं फार वेळा ऐकायला मिळालं नाही.

नानांचं सगळ्यात मोठं भांडण एका नाटकावरून झालं. जुन्या नाटकाचं चित्रण त्यांनी इंटरनेटवरून विकत घेतलं होतं. एक दिवस ते नाहीसं झालं. 'हा मजकूर उपलब्ध नाही.' नानांनी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "सर, तुम्ही नाटक घेतलं नव्हतं, नाटक बघण्याचा अधिकार घेतला होता."

"असं?" नाना म्हणाले. "मग मी कपाट घेतलं, तर कपाटाकडे बघण्याचा अधिकार घेतो का? तुम्ही उद्या येऊन कपाट नेलं, तर मी भिंतीकडे बघत बसायचं?"

पलीकडे कीबोर्डची टकटक. मग, "सर, आणखी काही मदत करू शकतो का?"

असे किस्से मी शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगायचे. सगळे हसायचे. अपडेटची पाटी लागली तेव्हा मात्र मी तो किस्सा कुणाला सांगितला नाही. कारण ती पाटी माझ्यामुळे लागली होती.

अक्कांचं विसरणं आधी मिठापासून सुरू झालं. भाजीत दोनदा मीठ, नाहीतर अजिबात नाही. मग गल्ली चुकल्या. मग बहिणीला आई म्हणू लागल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. नानांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि आठ दिवस त्याची माहिती वाचली, अटी वाचायचे तशीच, लाल पेन घेऊन. त्यानंतर या विषयावर ते कुणाशी बोलले नाहीत.

एक गोष्ट मात्र अक्का कधी चुकत नव्हत्या. सकाळी अंघोळ झाली की त्या टीव्हीसमोर बसायच्या, रिमोट घ्यायच्या, बटण एकदा खाली आणि दोनदा उजवीकडे दाबायच्या. पडद्यावरच्या दुसऱ्या ओळीतला तिसरा चौकोन. तो उघडला की एरंडोलकडच्या एका खेड्यातली बाई चुलीपुढे बसलेली दिसायची. स्वयंपाक करून दाखवणाऱ्या बाकीच्या बायका हजारो लोकांशी बोलतात, ही एकीशीच बोलायची. "ये व माय, बठ. आज काय रांधानं?" अक्का लगेच उत्तर द्यायच्या, "काई बी कर, तिखट कमी टाक." तासभर दोघींच्या गप्पा चालायच्या. बाई उत्तरासाठी थांबायची नाही, पण अक्कांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्या तासात त्या पूर्वीच्या कुसुमअक्का असायच्या.

एका रविवारी नाना औषधं आणायला गेले होते आणि मी अक्कांपाशी बसले होते. टीव्हीवर सारखी सूचना येत होती. नवीन आवृत्ती आली आहे, आता घ्यायची का? बाईच्या तोंडावरच ती पट्टी यायची आणि अक्का हाताने माशी हाकलावी तशी ती हाकलायच्या. मला वाटलं, एकदाचं मिटवून टाकू. मी 'होय' दाबलं.

टीव्ही पुन्हा सुरू झाला तेव्हा सगळं देखणं झालं होतं. चौकोन गोलसर, रंग नवे, जागा बदललेल्या. अक्कांनी एकदा खाली, दोनदा उजवीकडे दाबलं. कुस्ती लागली. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा कुस्ती. मी रिमोट घेऊन ती बाई शोधून दिली, पण अक्कांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या खोलीकडे बघत होत्या. भिंतीकडे, दाराकडे, माझ्याकडे.

"हाऊ आपला टीव्ही नही शे," त्या म्हणाल्या. "हाई आपलं घर नही शे. माले घर ली चला."

नाना आले तेव्हा त्या चप्पल घालून दारात उभ्या होत्या आणि मी त्यांचा हात धरून रडत होते. मी काय केलं ते सांगितलं. नाना सरळ टीव्हीजवळ गेले, मागे वळवला, खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, थोडा वेळ तसाच हातात धरला आणि परत खिशात ठेवला. जुन्या आवृत्तीवर परत जायची सोय त्यात ठेवलेलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली.

मग नाना तोच जुना टीव्ही शोधू लागले. तेच मॉडेल, जुन्याच आवृत्तीचं, मध्यंतरी इंटरनेटला न जोडलेलं. धुळ्यात मिळाला नाही. माझं माहेर जळगावचं. भावाला फोन केला, त्याने आठ दिवसांनी कळवलं की जुन्या सामानाच्या एका दुकानात लॉजवरून आलेले टीव्ही पडून आहेत. अक्कांपाशी भडगावहून त्यांची बहीण येऊन राहिली आणि मी नानांबरोबर सकाळच्या एसटीने जळगावला गेले.

दुकानात धुळीचे आठ टीव्ही होते. नानांनी एकेक लावून पाहिला. दुकानदार म्हणाला, "काका, यापेक्षा मोठा देतो, नवीन देतो, पातळ देतो."

"मला जाड पाहिजे," नाना म्हणाले.

सहावा टीव्ही लागला आणि पडद्यावर जुने चौकोन आले. नानांनी बोट लावून मोजलं. दुसरी ओळ. एक, दोन, तीन. मग खुर्ची न बघताच मागे बसले. खाली स्टूल होतं म्हणून बरं.

परतीच्या बसमध्ये तो टीव्ही चादरीत गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणाला, "आबा, वर ठेवा ना." नाना म्हणाले, "याला धक्के सोसत नाहीत." एरंडोल गेल्यावर, बाहेर बघत, ते पहिल्यांदा त्या विषयावर बोलले.

"ताई, मी तीस वर्षं पोरांना शिकवलं, की बिघडलेली वस्तू टाकायची नसते. आत बघायचं, कुठं तुटलंय ते सापडतं." त्यांनी चादरीवरून हात फिरवला. "हिच्या बाबतीत मला आत बघता येत नाही."

टीव्हीवरची चादर सरकली होती, ती मी नीट केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का टीव्हीसमोर बसल्या. एकदा खाली, दोनदा उजवीकडे. "ये व माय, बठ." अक्का लटक्या रागाने म्हणाल्या, "कथी गयथी व इतला दिन?" नाना स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. चष्मा पुसायला म्हणून ते जे आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

तो टीव्ही सात महिने चालला. कुणी काही दाबलं नाही, कुणी काही बिघडवलं नाही. एका सकाळी बाईच्या जागी काळ्या पडद्यावर एकच ओळ आली : 'या उपकरणावर ही सेवा आता उपलब्ध नाही.' नानांनी मदतकेंद्राला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, तुमचं मॉडेल खूप जुनं झालंय. नवीन घ्या ना." मला वाटलं, आता कपाटासारखं काहीतरी निघणार. नाना म्हणाले, "बरं बेटा," आणि फोन ठेवला.

त्यांनी सगळे उपाय केले. बाईचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतले, पण ते वेगळ्याच यादीत, वेगळ्याच जागी दिसायचे आणि अक्का रिमोट खाली ठेवून द्यायच्या. फोनवर दाखवले, तर त्या फोनच्या मागे वाकून बाईला शोधायच्या. मग शोधणंही थांबलं. अक्का खिडकीशी बसू लागल्या. बोलणं गेलं, भूक गेली. नानांना त्या 'भाऊ' म्हणू लागल्या होत्या. कधी 'डॉक्टर'.

पंधरा-वीस दिवसांनी, शाळेला सुट्टी होती, सकाळी दहाच्या सुमारास मी थालीपीठं घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. बैठकीत कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातून आवाज येत होता.

अक्का भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर, जमिनीवर, गॅसची एक शेगडी खाली घेऊन नाना मांडी घालून बसले होते. ज्यांना एके काळी चहा उतू जाताना गॅसही बंद करता येत नव्हता, ते नाना. शेजारच्या ताटात शिजवलेलं बेसन थापलेलं होतं आणि ते पट्टी लावून त्याच्या पातोड्या कापत होते, सगळ्या एका मापाच्या. कढईत रस्सा उकळत होता. नाना बोलत होते, अगदी त्या बाईच्या चालीवर, अहिराणीत, तिच्यासारखे हेल काढत. सगळे व्हिडिओ पाठ केले असावेत.

"आते हाई पातोडी हळूच सोडानी, माय. मोडू द्यानी नही."

"मीठ टाकं का?" अक्कांनी विचारलं. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा आवाज ऐकत होते.

"टाकं व माय."

अक्का पुढे वाकून त्यांच्या हातांकडे बघत राहिल्या. मग शेजारणीला विचारावं तसं म्हणाल्या, "तुना मालक काय करतस व?"

नानांचा हात थांबला. मग त्यांनी पुढची पातोडी रश्श्यात सोडली. "रिटायर शेतस. दिनभर यंत्रं खोलीसन बठतस."

"तरास देतस का तुले?"

"देतस थोडा."

"पन सोभावले कसा शेतस?"

नाना कढईत बघत होते. "कोशीस करतस," म्हणाले.

अक्कांनी मान हलवली. चेहऱ्यावर कौतुक होतं, लाजही होती. "मना बी तसाच शेतस," त्या म्हणाल्या. "बजारमा गयात. आत्ते येतीन, भूक्या व्हतीन. त्यासनं बी ताट वाढी ठेव."

"हा व माय," नाना म्हणाले.

मी दारातच उभी होते. त्यांनी मला पाहिलं नाही. नानांनी अक्कांना वाढलं, भाकरी कुस्करून दिली. मग दुसरं ताट घेतलं, त्यात भाजी, भाकरी, कांद्याची फोड नीट मांडली आणि ते ताट झाकून भिंतीशी ठेवलं.