शटरला कान लावणारे वझे

दिवेलागणीला आमच्या गल्लीतली दुकानं बंद झाली की वझे बाहेर पडतात आणि एकेका शटरला कान लावून उभे राहतात. चोर नव्हेत. बँकेत साहेब होते, साताऱ्याकडचे. रिटायर होऊन काशीला आले आणि रामघाटाजवळ माझ्या समोरच्या खोलीत एकटे राहतात.

नवा माणूस दचकतोच. अंधारी गल्ली, आणि एक उंच म्हातारा लोखंडाला गाल टेकवून, डोळे मिटून उभा. आमची दूधवाली त्या वेळी दुसऱ्या गल्लीने जाते.

दुपारी ते वेदशाळेच्या ओसरीवर छोट्या दुकानदारांना फुकट धंदा शिकवतात. मी चौथी पास. मेतकूट नि गोडा मसाला करून यात्रेकरूंना विकते, म्हणून मीही जाऊन बसले. मला म्हणाले, "काकू, विकलेलं गप्प असतं. उरलेलं बोलतं." मग मुरमुरेवाल्या पांडेकडे वळले. "तुम्हारी लाई नरम हो गई है." पांडेने घरी जाऊन पोतं उघडलं, तर मुरमुरे खरंच मऊ. पांडे पांढराच पडला. मी विचारलं, कसं कळलं?

"उंदीर, काकू. कुरकुरीत खाताना आवाज येतो. काल आला नाही."

मी हसले. पण तेव्हापासून मसाल्याच्या डब्यांकडे पाठ करून झोपत नाही.

शांतीच्या बांगड्यांच्या दुकानाशी मात्र ते अर्धा अर्धा तास थांबत. ते तर गणपतीपासून बंद होतं. एकदा मीही कान लावला. आत बांगड्या किणकिणल्या. हळूच, कुणी हातात भरून बघावं तशा. मी मागे सरले.

"वझे, इथे काय ऐकता रोज?"

त्यांनी शटरवरचा कान काढला. मग म्हणाले, "माझी चूक."

शांती त्यांच्या पहिल्याच वर्गाला आली होती. दुकान चांगलं चाललेलं, ते मोठं करावं असं यांना वाटलं. मराठीतलं 'वाढवा' यांनी सरळ हिंदीत घातलं. "शांतीजी, अब दुकान बढ़ाइए." आता बनारसात दुकान बढ़ाना म्हणजे बंद करणं. 'बंद' म्हणणं अशुभ, म्हणून. आपण नाही का, बांगडी फुटली तर वाढली म्हणत? शांतीने हात जोडले, उठली, आणि दुकानाला कुलूप लावून गेली. वझ्यांना अर्थ कळला तोवर उशीर झाला होता.

"चाळीस वर्षांचं दुकान, काकू. एका शब्दाने मारलं मी. पण माल आत आहे, म्हणजे ती येईल."

"पत्र्याला कान लावण्यापेक्षा एकदा मला तोंडाने विचारायचं होतं. ती रामनगरला लेकीकडे आहे."

दुसऱ्या सकाळी नाव करून निघालो. धुकं इतकं की काठ दिसेना. वझे पुढे बसून पुटपुटत होते, "बड़ा कीजिए. बड़ा कीजिए."

नावाडी म्हणाला, "बाबूजी, इससे बड़ी नाव नहीं है हमारे पास."

शांती अंगणात मटार सोलत होती. वझ्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, माफी मागितली, दुकान पुन्हा उघडायला सांगितलं. तिने एक शेंग सोलून पुरी केली.

"बाबूजी, आपका मतलब हम उसी दिन समझ गए थे."

"तो फिर?"

"घुटने कब के चले गए. घर में सब कहते थे, थोड़ा और, थोड़ा और. कोई तो कहे कि बस. आपके मुँह से निकल गया, हमने पकड़ लिया."

वझे खाली बसले. "और अंदर का माल?"

"कौन सा माल? सब उसी हफ्ते उठवा दिया. एक चूड़ी नहीं है अंदर."

मी वझ्यांकडे पाहिलं नाही, त्यांनी माझ्याकडे नाही. मग आम्ही काय ऐकलं, ते मला विचारू नका.

परतताना नावेत ते म्हणाले, "आता दिवेलागणीला मी काय करू, काकू?" एवढा मोठा साहेब, पण त्या एका वेळेला त्याला आपल्या खोलीत दिवा लावायची भीती वाटत होती. मला इतके दिवस कळलं नाही. मी समोरच राहते.

"दोडकं आहे आज," मी म्हटलं. "तिखट चालतं का?"

"चालतं."

"मग या. वाढते."

आले. दोनदा भात घेतला. ताटातला हात वाळला तरी उठले नाहीत, आणि मीही उठा म्हटलं नाही.