ओगल्यांचं बिनकामाचं उडणं

भालचंद्र ओगले गेली एकेचाळीस वर्षं दर रविवारी सकाळी साडेसातला गच्चीवरून उडत आणि नऊ वाजता पोहे खायला घरी येत. विमान, पंख, छत्री असलं काही त्यांच्याकडे नव्हतं. हात जरा पसरायचे, टाचा उचलायच्या आणि निघायचं. मिरजेच्या सुयोग सोसायटीत कोणाला नाटकाचा नाद होता, कोणाला गुलाबांचा, ओगल्यांना हा. टेलिफोन खात्यातून ते निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी निरोपाच्या भाषणात या छंदाचा उल्लेखही केला होता. 'असं असूनही त्यांनी कामात कधी कुचराई केली नाही,' असं साहेब म्हणाले होते.

यंदा रेडेकर सोसायटीचे सेक्रेटरी झाले. रेडेकर शिस्तीचे. त्यांनी सभा बोलावली आणि ओगल्यांना उभं केलं.

"ओगलेसाहेब, तुम्ही वर जाऊन नक्की करता काय?"

"काही नाही. उडतो."

"म्हणजे पाहणी वगैरे?"

"छे हो. वारा लागतो अंगाला. बरं वाटतं. मग उतरतो."

सभेत कुजबुज झाली. उडण्याला कोणाची हरकत नव्हती. पण धडधाकट माणसानं दीड तास काहीही न करणं, आणि तेही सगळ्यांच्या डोक्यावर, हे लोकांना खटकलं. निवृत्त मुख्याध्यापिका करमरकरबाई म्हणाल्या, "मुलांपुढे काय आदर्श राहतो यानं?" शेवटी ठराव झाला : सभासदास उडावयाचे असल्यास त्याने सोसायटीच्या कामानिमित्तच उडावे. ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने, कारण ओगल्यांनीही हात वर केला होता. माणूस भिडस्त.

पुढच्या रविवारी रेडेकर यादी घेऊन गच्चीवर हजर होते. टाकीत पाणी किती आहे ते पाहणे. नारळात अडकलेला पतंग काढणे. चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावर पडलेला करमरकरबाईंचा टॉवेल आणून देणे. ओगल्यांनी सगळं केलं. ते खाली यायला लागले तशा खिडक्या उघडल्या.

"ओगले, वर आहातच तर आमची डिश जरा पूर्वेला वळवा!"

"काका, टँकर कुठवर आलाय बघता का?"

ते अकराला घरी आले. पोह्यांचा गोळा झाला होता.

तिसऱ्या रविवारी ओगले टाकीपर्यंत पोचलेच नाहीत. चौथ्या रविवारी ते दुसऱ्या मजल्याच्या वर चढेनात. रेडेकरांनी समजूतदारपणे त्यांना त्या उंचीची कामं दिली : जिन्यातले दिवे बदलणे, कोळिष्टकं काढणे. पाचव्या रविवारी ओगल्यांचे पाय जमिनीपासून जेमतेम वीतभर सुटले. सोमवारी नोटीस आली. 'आपली उंची असमाधानकारक असल्याचे कमिटीच्या निदर्शनास आले आहे. सात दिवसांत लेखी खुलासा करावा.'

ओगले कागद पुढ्यात घेऊन बसले. खुलासा काही सुचेना. एकेचाळीस वर्षांत आपण वर कसे जातो याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

"अहो," त्यांच्या पत्नी सुनंदाबाई म्हणाल्या, "परवा श्रीखंड केलं होतं."

"हो. छान झालं होतं."

"पूर्वी श्रीखंड असलं की खुर्चीवरून बोटभर वर यायचात. परवा हललासुद्धा नाहीत."

ओगल्यांच्याही ते लक्षात आलं होतं.

"खुलासा राहू द्या," सुनंदाबाई म्हणाल्या. "रविवारी पहाटेची एसटी धरा आणि कुठंतरी लांब जा. डबा देते. रेडेकरांना मी सांगेन, ह्यांना बरं नाही."

रविवारी ओगले कृष्णाकाठच्या एका थांब्यावर उतरले आणि शेतांच्या मधल्या माळावर जाऊन उभे राहिले. हात पसरले, टाचा उचलल्या. काही झालं नाही. सवयीनं त्यांनी खिशात यादी चाचपली. यादी नव्हती. आता इथं काय करायचं, हे त्यांना कळेना. करण्यासारखं काही नव्हतंच. ते नुसतेच उभे राहिले. उसावरून वारा आला, शर्टात शिरला, आणि थोड्या वेळानं खाली पाहिलं तर त्यांची चप्पल गवतात होती आणि ते बाभळीच्या शेंड्याशी होते. त्यांना हुंदका आला. तो आवरून ते आणखी वर गेले.

बांधावरून एक फेटेवाले म्हातारबा चालले होते. त्यांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं.

"ओ पावनं! काय काम काढलंसा?"

"काही नाही, सहज!" ओगले वरून ओरडले.

"मग बरंच झालं की! रिकामंच हाईसा, तर आमची म्हस कुटं दिसतीया का बगा जरा!"

ओगल्यांनी पाहिलं. म्हैस नदीच्या वळणाशी गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. शिंगं उन्हात चकाकत होती. ओगल्यांनी उरलेल्या तिन्ही दिशांनाही नीट पाहून घेतलं.

"नाही दिसत," ते म्हणाले, आणि ढगांच्या बाजूला वळले.