टिंबटिंबराव कोण?

"कोर्टात दहा मिनिटांचं काम हाये!" जानेफळच्या तुळशीराम गुरुजींनी एसटीत बसल्यापासून चौथ्यांदा सांगितलं. "तू फक्त 'हाव' म्हणजो. बाकी मी पाहून घेतो!"

"हाव," कोकिळाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

प्रकरण असं. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती आणि गुरुजींना लेखक होऊन दोन. 'एकशे एक उखाणे' हे त्यांचं पुस्तक खामगावला गुलाबरावांच्या छापखान्यात छापलं गेलं होतं. उखाणे रचले होते कोकिळाबाईंनी, भाकऱ्या थापता थापता. पण त्यांना लिहिता येत नव्हतं. गुरुजींनी ते वहीत उतरवले आणि ज्यानं लिहिलं तो लेखक, असा निकाल स्वतःच देऊन टाकला! पंचाईत एकच होती. बऱ्याच उखाण्यांत गुरुजींचीच फजिती होती. मग त्यांनी शक्कल लढवली. जिथं जिथं 'तुळशीराम' होतं, तिथं तिथं टिंबं टाकली. आता कोणाला काय कळतंय!

कळलं नाहीच. उलट वर्षभरात गुलाबरावांनी तेच पुस्तक स्वतःच्या नावानं काढलं! गुरुजींनी कॉपीराइटचा दावा ठोकला. गुलाबरावांनी उलटा अर्ज केला, की उखाणे माझेच, गुरुजींनीच फसवणूक केली. झालं! शपथ खोटी ठरली तर गुरुजींची नोकरी जाणार होती. आणि शपथेवर तर गुरुजींनी ठणकावून लिहून दिलं होतं, "सर्व उखाणे मी स्वतः रचले."

बुलढाण्याचे जज्जसाहेब पुण्याकडचे. कोकिळाबाई साक्षीला उभ्या राहिल्या तसं त्यांनी विचारलं, "पतीचं नाव?"

"हाव."

"अहो बाई, पतीचं नाव विचारतोय!"

"तसं कसं घेऊ साहेब?" कोकिळाबाई लाजल्या. मग पदर सावरून एका दमात म्हणाल्या,

"काळ्या कोटातले साहेब पुसतात धडाधड,
तुळशीरामराव बसले मांगं, छातीत त्यायच्या धडधड!"

कोर्ट खो खो हसलं. साहेबांनी हसू दाबलं, पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचलं,

"पोळ्याच्या दिवशी बैल उधळला, पळाले लोक सारे,
टिंबटिंबराव बाभळीवर बसून म्हणतात, उतरवा मला रे!

हे टिंबटिंबराव कोण?"

"मीच!" गुलाबराव ताडकन उठले. "म्या भोगलं, म्हणून म्या रचलं!"

गुरुजी उठता उठता परत बसले. बाभळीची गोष्ट त्यांनी सासुरवाडीलासुद्धा कळू दिली नव्हती.

"हे गुलाबराव चढले काय बाभयीवर?" कोकिळाबाईंनी विचारलं. "मंग साहेब, त्यायची टाच पाहा. जे चढले त्यायच्या टाचेत काटा मोडला होता, त्याचं कुरूप झालं. नऊ वर्सं झाले, मी अजून बिब्ब्याचा चटका देतो!"

गुलाबरावांना बूट काढावा लागला. टाच लोण्यासारखी!

"गुरुजी, आता तुमची."

एकीकडे अब्रू, दुसरीकडे नोकरी. गुरुजींनी चप्पल काढली. कुरूप होतं. चांगलं बोराएवढं होतं!

"म्हणजे टिंबटिंबराव तुम्ही," साहेब म्हणाले. "आणि उखाणाही तुम्हीच रचलात? बाभळीवर बसून?"

गुरुजींच्या डोळ्यांपुढून शाळा, हजेरीपट आणि सोळा वर्षांची नोकरी झरझर गेली.

"चुकलो साहेब," ते म्हणाले. "रचले हिनंच. मी नुसते लिवले."

"ते बाईंनी तुमचं नाव घेतलं तेव्हाच कळलं मला. वेळेवर कबूल झालात म्हणून सोडतो. शपथपत्र दुरुस्त करा, पुस्तकावर बाईंचं नाव घाला. आणि गुलाबराव, तुमची सगळी पुस्तकं उद्या इथं जमा झाली पाहिजेत!"

सुटलो! गुरुजींनी सकाळपासून अडकलेला श्वास सोडला. नोकरी वाचली होती. त्यांना साहेबांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

"थांबा," साहेब म्हणाले. "बाईंचं नाव सांगा."

"ते तं कागदावर हाये, साहेब!"

"कागदावर आहे. पण कबुली तुमची आहे, नाव तुमच्या तोंडून पाहिजे."

गुरुजी गडबडले. घरात 'अवं, आयकलं काय'वर संसार चालला होता. तेवढ्यात मागून कोणी तरी ओरडलं, "उखाण्यात घ्या, गुरुजी!" साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्चीला टेकून बसले.

एकशे एक उखाण्यांच्या माजी लेखकाला दरदरून घाम फुटला. शेवटी डोळे गच्च मिटून त्यांनी मेथीच्या भाजीचा, जो महाराष्ट्रातला प्रत्येक नवरदेव घेतो, तोच उखाणा घेतला आणि कसंबसं "कोकिळा" म्हणून टाकलं.

"चोरीचा हाये, साहेब!" गुलाबराव गरजले. "हा बी चोरीचा हाये!"

"असू द्या हो," कोकिळाबाई पदरात हसत म्हणाल्या. "बावीस वर्सांत पयल्यांदा नाव घेतलं त्यायनं. चोरीचं तं चोरीचं!"