दबक्या आवाजाचा मेहुणा

"अहो, पुढचं वाक्य?" बायकोने पुन्हा विचारलं.

सरदार खोलीच्या मधोमध, एक पाय खुर्चीवर रोवून उभे होते. हातात सुरी होती. अर्थात भाजी चिरायची. डोळ्यांत अंगार पेटला होता, भुवया कपाळाला भिडल्या होत्या, छाती पुढे आली होती. वाक्य तेवढं येत नव्हतं.

"हा हा हा हा!" सरदार हसले.

"हे वाक्य नाही."

"वाक्याच्या आधी हसायचं असतं."

"मघापासून हसताच आहात. शेजारचे विचारायला येतील, घरात काय आनंदाची बातमी आहे म्हणून. आणि ती सुरी द्या इकडे, भाजी खोळंबलीय."

सरदारांनी सुरी परत केली आणि ते मुकाट्याने खुर्चीवर बसले. त्यांचं खरं नाव लोक केव्हाच विसरले होते, आणि विसरण्याच्या बाबतीत ते स्वतःही कोणाला हार जाणारे नव्हते. 'सातव्या तिजोरीचं रहस्य' या नाटकात त्यांनी दरोडेखोरांच्या सरदाराचं काम केलं आणि तेच नाव त्यांना चिकटलं. जवाहिऱ्याच्या वाड्यात शिरणं, त्याचा मुडदा पाडणं, छपरावरून दोरीने पसार होणं, हे सगळं ते अशा झोकात करायचे की पहिल्या रांगेतली मंडळी पाय वर घेऊन बसायची. गावोगाव प्रयोग झाले. टाळ्या झाल्या. पण एक गोष्ट त्या गावांपैकी एकाही गावाला कळली नाही. सरदारांना त्या नाटकातलं एकही वाक्य पाठ नव्हतं.

सगळी वाक्यं यायची डाव्या विंगेतून. तिथे काळोखात सरदारांचा मेहुणा उभा असायचा. त्याने कुजबुजायचं आणि सरदारांनी गर्जायचं. नुसती वाक्यंच नव्हेत, तर 'आता मागे वळा', 'आता थांबा, टाळी येऊ द्या', 'मिशी सुटतेय, हात लावा', असं सगळं तो दबक्या आवाजात पुरवायचा आणि सरदार डोळे झाकून ऐकायचे. कुजबूज कानात शिरल्यापासून गर्जना तोंडातून बाहेर पडेपर्यंत मध्ये सुई शिरायला जागा नसायची. साखर आणायला पाठवलं तर साबण घेऊन येणारा हा माणूस रंगमंचावर कधी अडखळला नव्हता, तो या मेहुण्याच्या जिवावर.

आणि आता त्या नाटकाचा बोलपट होणार होता.

"काळजी कसली करता दाजी?" मेहुणा दारातून आत येत म्हणाला. "तिथे पण पडदे असतीलच की. एखाद्या पडद्यामागे उभा राहतो मी. नेहमीसारखं."

नेहमीसारखं काहीच नव्हतं. स्टुडिओत पाऊल टाकताच सरदारांच्या ते लक्षात आलं. कालपरवापर्यंत तिथे मूकपट निघायचे आणि त्या गलक्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता सुतारापासून दरवानापर्यंत सगळे अनवाणी, चवड्यांवर चालत होते. दिग्दर्शकांनी सारी हयात भोंग्यातून ओरडण्यात घालवलेली. त्या भोंग्याने त्यांचे स्वतःचे कान अर्धे गेले होते आणि आता ओरडायचीही बंदी. बिचारे तोंडात हातरुमाल कोंबून बसायचे. काचेच्या एका पेटीत, कानाला यंत्र लावून ध्वनिमुद्रक बसला होता. त्याच्या मिशा अशा झोकदार होत्या की दरोडेखोर नक्की कोण, असा प्रश्न पडावा. टेबलावर कागदी फुलांची फुलदाणी होती आणि तिच्यात माईक लपवला होता.

कोपऱ्यात पैलवान बसला होता. हा मूकपटांचा नायक. घोड्यावरून उडी मारायला पटाईत, मालकांचा लाडका. त्याला या बोलपटात काम नव्हतं, तरी तो रोज येऊन बसायचा आणि सरदारांकडे बघून दंड चोळायचा.

"नाहीच जमलं तुम्हाला," मालक सरदारांच्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाले, "तर हा आहेच."

सरदारही हसले, हसणं तेवढं पाठ होतं.

कॅमेरा सुरू झाला. पडद्यामागून ओळखीची कुजबूज आली आणि सरदारांच्या जिवात जीव आला. त्यांनी छाती फुगवली, तोंड उघडलं आणि तेवढ्यात काचेच्या पेटीतून ध्वनिमुद्रक उसळून बाहेर आला.

"थांबा! कोणीतरी कुजबुजतंय!"

पडदा ओढला गेला. मागे मेहुणा उभा.

"मी दाजींचा डबा घेऊन आलो होतो," तो म्हणाला.

"डबा कुठाय?"

मेहुण्याने रिकाम्या हातांकडे बघितलं. "वाटेत खाल्ला."

त्याला दरवाजा दाखवण्यात आला. उद्यापासून ज्याला प्रवेशात काम आहे त्यानेच आत यायचं, असा हुकूम सुटला. मग सरदारांनी एकट्याने प्रवेश केला. म्हणजे ते हसले. पहिल्यांदा दिग्दर्शक खूश झाले. दुसऱ्यांदा म्हणाले, "हसणं फक्कड आहे, पण पुढे?" पुढेही सरदार हसलेच. शेवटी मालकांनी खिशातलं घड्याळ काढलं, बघितलं आणि परत ठेवलं.

"उद्या हा प्रवेश झाला पाहिजे," ते म्हणाले. पैलवानाने दंड चोळणं थांबवलं आणि तो मिशीला पीळ द्यायला लागला.

घरी सरदार जेवले नाहीत. "संपलं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "जन्मभर लोकांना घाबरवलं, आता त्या फुलदाणीने मला घाबरवलं. तो पैलवान माझं काम करणार आणि मी पहिल्या रांगेत पाय वर घेऊन बसणार."

"उद्याच्या प्रवेशात तुमच्याबरोबर आणखी कोण आहे?" बायकोने विचारलं.

"कोणी नाही. मी एकटाच. जवाहिऱ्याला मारून झालेलं असतं, मी तिजोरी उघडतो आणि लांबलचक बोलतो. शेजारी त्याचं प्रेत असतं, बस."

"प्रेत कोण होतं?"

"कोणी का होईना, नुसतं पडून तर राहायचंय."

बायकोने वाढणं थांबवलं. ती आपल्या भावाकडे बघत राहिली. भाऊ ताटावरून मागे सरकला.

"ताई," तो म्हणाला, "मी जिवंत आहे."

"उद्यापुरता मर."

दुसऱ्या दिवशी मेहुणा मेला, आणि छान मेला. तोंडाला पांढरी पावडर फासून, छातीवर लाल रंग ओतून तो तिजोरीशेजारी आडवा झाला. टेबल डोक्याशीच होतं आणि टेबलावर फुलदाणी. सरदारांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना एकदम भरून आलं. डाव्या विंगेत उभं राहून या माणसाने आपल्यासाठी आयुष्य काढलं आणि आज आपल्यासाठी मरतोही आहे, असं त्यांच्या मनात आलं. "मेहुणे, फार उपकार झाले," ते वाकून पुटपुटले. "बोलू नका, मी मेलोय," प्रेत म्हणालं.

कॅमेरा सुरू झाला. प्रेताने ओठ न हलवता पहिलं वाक्य सोडलं आणि सरदारांनी ते गर्जून टाकलं. भिंती थरथरल्या. दिग्दर्शकांच्या तोंडातला रुमाल आनंदाने बाहेर पडला. पण ध्वनिमुद्रक पेटीतून आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"प्रतिध्वनी येतोय."

"म्हणजे?"

"प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. आधी हळू, मग मोठ्याने. भिंती उघड्या आहेत ना."

भिंतींवर गोधड्या टांगल्या. पुन्हा प्रवेश झाला, पुन्हा प्रतिध्वनी आला. छताला गोधड्या लावल्या. खिडक्या बंद केल्या. पंखे बंद केले. आत अशी भट्टी पेटली की प्रेताला घाम फुटला, कपाळावरची पावडर ओघळून कानात गेली आणि एक माणूस प्रेताला वारा घालायला ठेवावा लागला. माईक लांब आहे म्हणून कोणीतरी फुलदाणी टेबलावरून उचलून खाली ठेवली, ती नेमकी प्रेताच्या तोंडाशी. प्रतिध्वनी आणखी वाढला.

"पण काय हो," दिग्दर्शकांनी कानामागे हात धरून विचारलं, "प्रतिध्वनी नंतर यायचा ना? तुम्ही म्हणता हा आधी येतो!"

ध्वनिमुद्रक गडबडला. विलायती यंत्र, हातात आल्याला महिनाही झाला नव्हता आणि मालक समोर उभे.

"यंत्र फार तेज आहे," तो ठासून म्हणाला. "माणूस बोलायच्या आत पकडतं."

मालकांना यंत्राचा अभिमान वाटला. ध्वनिमुद्रकालाही चेव चढला. "आणखी एक गोधडी टांगा," तो म्हणाला. "आता जर प्रतिध्वनी आला ना, तर या मिशा उतरवून देईन!"

प्रवेश सुरू झाला. पहिल्याच वाक्याला काचेच्या पेटीत ध्वनिमुद्रकाचा चेहरा पडला. त्याने यंत्र एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतलं. मग हळूच मिशीवरून हात फिरवला. किती वर्षांची मेहनत होती ती! प्रवेश संपला. सगळ्यांनी श्वास रोखून पेटीकडे पाहिलं.

"उत्तम!" ध्वनिमुद्रक म्हणाला. "अगदी स्वच्छ!"

पैलवान उठून घरी गेला.

पहिल्या खेळाला थिएटर तुडुंब भरलं होतं. सरदार नवा कोट घालून बसले होते, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मेहुणा. पडद्यावर जवाहिरा मेला. तिजोरीवर उजेड पडला. आणि पडद्यामागच्या थोरल्या कर्ण्यातून, अख्ख्या थिएटरभर, एक थंडगार कुजबूज पसरली.

'ही तिजोरी आता माझी...'

"ही तिजोरी आता माझी!" पडद्यावरचे सरदार गर्जले.

खुर्चीतल्या सरदारांची बोबडी वळली. तेवढ्यात पुन्हा कुजबूज आली.

'थांबा. टाळी येऊ द्या.'

पडद्यावरचे सरदार थांबले.

'आता मागे वळा. सावकाश.'

ते सावकाश मागे वळले.

'बोटांवरचा पाय काढा हो, बोटं चेचताय माझी!'

पडद्यावरच्या सरदारांनी दचकून पाय उचलला. थिएटरात कोणीतरी किंचाळलं. सरदार खुर्चीत एवढे खाली घसरले की नव्या कोटाची कॉलर कानांच्या वर आली. आता सगळ्या जगाला कळलं, आता इथून तोंड काळं करायचं, असं ते मनाशी म्हणत होते. बायकोने त्यांचा हात घट्ट धरला. मेहुणा तर खरोखरच मेल्यासारखा दिसत होता.

"प्रेत बोलतंय!" मागून एक बाई ओरडली.

"मारलं तरी सोडत नाही त्याला! बघ, बघ, कसा नाचवतोय!"

"भोग म्हणावं आता! काढ पाय!"

आणि मग टाळ्या सुरू झाल्या. अशा टाळ्या सरदारांनी कधी ऐकल्या नव्हत्या. खुनी माणसाला मेलेला माणूस बोलायला लावतो, वळायला लावतो, ही गोष्ट लोकांच्या अंगावर काटा आणून गेली. मालक उठून दिग्दर्शकांच्या गळ्यात पडले. "काय डोकं चालवलंत! प्रेताला आवाज!" दिग्दर्शकांना ती कुजबूज आत्ताही ऐकू आली नव्हती, पण टाळ्या ऐकू येत होत्या.

"बरेच दिवस मनात होतं," ते म्हणाले.

"माझं यंत्र," ध्वनिमुद्रक मिशीला पीळ भरत म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी मालक सरदारांच्या घरी हजर झाले, पण ते बघत होते मेहुण्याकडे. पुढच्या बोलपटात मुख्य काम मेहुण्याचं. दरोडेखोर तोच, खुनी तोच, भाषणं सगळी त्याचीच. "असा आवाज दुसरा नाही!" मालक म्हणाले.

"आणि मी?" सरदारांनी विचारलं.

मालकांनी जरा विचार केला. "प्रेताची जागा रिकामी आहे."

सरदारांना राग आला, फार राग आला. पण मेहुण्याचा चेहरा असा फुलला होता की तो राग त्यांना गिळावा लागला. घरी बायको भावाकडून वाक्यं घोकून घ्यायला लागली आणि सरदार कोपऱ्यात पडून, प्रेताची तालीम करत, ऐकत राहिले. गंमत अशी की ती सगळी त्यांना पाठ झाली. जन्मात स्वतःचं वाक्य लक्षात राहिलं नाही, पण दुसऱ्याचं डोक्यात घट्ट बसलं.

चित्रीकरणाचा दिवस उजाडला. सरदार तोंडाला पावडर फासून जमिनीवर आडवे झाले. मेहुणा दिव्यांच्या झोतात उभा राहिला. जन्म काळोखात काढलेला माणूस तो. समोर मालक, दिग्दर्शक, कोपऱ्यात आशेने परत आलेला पैलवान, सगळे टक लावून बघताहेत. कॅमेरा सुरू झाला. मेहुण्याने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

सरदारांनी एक डोळा किलकिला केला. मेहुण्याचं तोंड अजून उघडंच होतं. क्षणभर, खोटं कशाला बोला, सरदारांना बरं वाटलं. गप्प पडून राहिलं की काम झालं, आपली जागा परत आपल्याला. पण मेहुण्याने खाली बघितलं. डाव्या बाजूला बघितलं. बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसं. आणि सरदारांना ती डावी विंग आठवली, काळोखात त्यांच्यासाठी उभी राहिलेली. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी पुढचं वाक्य हळूच सांगायचं ठरवलं. पण सरदारांनी जन्मात काही हळू सांगितलं नव्हतं. श्वास घेतला, छाती फुगली आणि तोंडातून जी कुजबूज निघाली तिने फुलदाणीतली कागदी फुलं उडाली, छताची एक गोधडी खाली आली आणि ध्वनिमुद्रकाच्या कानाचं यंत्र निखळून गळ्यात पडलं.

दिग्दर्शकांनासुद्धा ऐकू आलं.

"कोण ओरडलं?" ते ताडकन उठले.

मेहुणा प्रेताकडे बघत होता. प्रेताने डोळे गच्च मिटून घेतले होते. हळूहळू सगळ्यांच्या नजरा काचेच्या पेटीकडे वळल्या. ध्वनिमुद्रकाने गळ्यातलं यंत्र उचलून पुन्हा कानाला लावलं, जमिनीवरच्या सरदारांकडे एकदा नीट पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला.

"प्रतिध्वनी आहे," तो म्हणाला. "आणखी एक गोधडी टांगा."