मावशींच्या फिनिश बायका

आमच्या शेजारच्या सुनंदामावशी शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या बायकांवर रागवायच्या. तेही भर सुपरमार्केटमध्ये, दुधाच्या फ्रिजसमोर.

"एवढी कादंबरी लिहिली, आणि वर नाव पुरुषाचं! म्हणजे बघ!"

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी इंग्लंडमधल्या रीडिंगला नवीनच आले होते. मला वाटलं, ही यांची कोणी नणंद असावी. मी "हो ना" म्हणून दही उचललं.

खरी गोष्ट हळूहळू कळली. मावशींना इव्हनिंग क्लासला पॉटरी शिकायची होती. तो क्लास भरलेला, फिनिश भाषेच्या क्लासला जागा होती. मावशी तिथे बसल्या त्या बसल्याच. फिनिशमध्ये पहिल्यांदा लिहायला लागलेल्या बायका हा त्यांचा ध्यास झाला. त्यांचे यजमान, डॉक्टरकाका, हॉस्पिटलमधून आले की विचारायचे, "आज जेवायला कोण आहे? जिवंत की मेलेली?"

"शिकल्यासवरल्या घरांत तिथे स्वीडिश चालायचं," मावशी मला सांगायच्या. "या मात्र फिनिशमध्ये लिहायला बसल्या. चुकतमाकत! तुझ्या मराठीसारखं गं."

मी इंग्लिश मीडियमची. हे कौतुक की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

एका दिवाळीला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मावशींना त्यांनी फिनिशमधून केलेल्या मराठी भाषांतरातलं एक पान वाचायला मिळालं. निवेदन करणारीला फ्लू झाला आणि माइक माझ्या हातात आला.

"मावशी, नाव काय सांगू? मिसेस सुनंदा..."

"कमल सांग."

"कमल कोण?"

"मी. सुनंदा हे लग्नात ठेवलेलं. ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं. अक्षर छान होतं हो." त्यांनी पदर सारखा केला. "कमल म्हणणारं आता कोणी उरलं नाही. पण जाऊ दे, लोक गोंधळतील. सुनंदाच सांग."

मी स्टेजवर गेले. दुधाच्या फ्रिजसमोरचा तो राग आठवला.

"आता वाचताहेत कमलमावशी."

पहिल्या रांगेतले डॉक्टरकाका कोण कमल म्हणून मागे वळून शोधायला लागले. स्टेजवर कोणीच येईना. मी घाबरून विंगेत पाहिलं. मावशी पान छातीशी धरून खुर्चीत तशाच बसल्या होत्या.

"कमलमावशी," मी माइक बाजूला करून म्हटलं, "या ना."

"येते गं," त्या म्हणाल्या. "आणखी एकदा हाक मार."