डीप फ्रीजरमधलं गरम पाणी

गोरखने आइस्क्रीमचा जुना डीप फ्रीजर न्हाणीघराच्या स्लॅबवर चढवला, तेव्हा शेजारच्या सगुणाबाईंनी खालून विचारलं, "काय रं, कुल्फी इकायची तर रस्त्याला इक की. वर कोन येनार हाय, कावळं?"

"कुल्फी न्हाई, काकू. पाणी तापवायचंय."

"फ्रीजात?"

"फ्रीजात."

बायको माहेरी गेली की माणसाचं एवढं व्हायचंच, अशा चेहऱ्याने सगुणाबाई आत गेल्या.

बायको माहेरी गेली होती हे खरं होतं. पल्लवी बाळंतपणाला नांदे गावी गेली, लेक झाली, बारसं झालं, पोर हसायलासुद्धा लागली; पण पल्लवी काही कोळवणला परत येईना. गोरख रोज फोन करायचा आणि ती रोज एकच सांगायची.

"आधी गरम पाण्याचं बगा. तुमच्या त्या चुलीनं माजं डोळं गेलं ते गेलं, पोरीला मी त्या धुरात न्हाऊ घालनार न्हाई."

"गिझर लावू?"

"लावा की. लाइट आली की फोन करा, मग येते."

गोरखच्या वाडीत सकाळी अंघोळीच्या वेळेला नेमकी वीजच अंघोळीला गेलेली असे. गॅसचं म्हणाल, तर गोरख पौड-कोळवण जीप चालवायचा आणि सगळ्या गावाची सिलिंडरं त्याच जीपमधून आणायचा. त्यामुळे स्वतःचं आणायचं तेवढं राहून जायचं.

म्हणून त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून सोलर करायला घेतला. विकतचा नव्हे, भंगारातला. पौड रस्त्यावर विठ्ठलरावांचं मंगल कार्यालय होतं, तिथे हा डीप फ्रीजर बंद पडून होता. "ने बाबा," विठ्ठलराव म्हणाले होते, "वऱ्हाडी त्याच्यावर बसत्यात आन् जेवायला उठत न्हाईत." शहरवाल्यांच्या बंगल्यांची राखण करणाऱ्या जनार्दनने मेलेले गिझर दिले. सगुणाबाईंकडे सरकत्या खिडकीची एक जाड काच मापात न बसल्यामुळे भिंतीला टेकून होती. "कुनाचा तरी पाय कापायच्या आदी उचल," म्हणून त्यांनीच ती हाकलली. मनीषच्या टेम्पोला लावून उरलेला काळा रंग मिळाला. आणि रात्री काचेवर पांघरायला समोरच्या गंगूमावशींनी एक गोधडी दिली. तिच्यात ऊब सोडून बाकी काही उरलं नव्हतं.

गिझरच्या आतल्या टाक्या काढायच्या, काळ्या रंगवायच्या, एकमेकींना जोडून फ्रीजरमध्ये आडव्या निजवायच्या आणि वर काच. दिवसा ऊन आत जाणार, संध्याकाळी गोधडी पडली की ऊब आतच राहणार.

"पन त्यो फ्रीज हाय," जनार्दन म्हणाला. "गार करनार."

"फ्रीजला काय कळतं आत गार हाय का गरम? बाहेरचं आत येऊ द्यायचं न्हाई आन् आतलं बाहेर जाऊ द्यायचं न्हाई, एवढंच त्याला ठावं."

"म्हंजी आमच्या म्हातारीसारखं."

इथवर सगळं ठीक होतं. पण पल्लवीचे वडील शेडगेमामा वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. खांबावरून ते उतरले होते, पण खांब त्यांच्यातून उतरला नव्हता. जावई काहीतरी बनवतोय हे कळल्यापासून ते दिवसातून अनेकदा फोन करू लागले.

"अर्थिंग केलंय का?"

"मामा, करंटच न्हाई त्यात."

"करंट न्हाई म्हनूनच इचारतोय. मानूस मरतो त्यो करंट नसल्याल्या तारंनंच मरतो. वाफंला वाट ठिवली?"

गोरखने वाट ठेवली नव्हती. तो घाटातल्या चढावर जीप थांबवून विचारात पडला. मागचे पॅसेंजरही विचारात पडले.

"वाट न्हाई ठिवली तर काय हुईल, मामा?"

"बॉम्ब. आमच्या नातीच्या न्हानीवर."

त्या दिवशी कोळवणच्या पॅसेंजरांना कोळवणच्या आधी गोरखच्या घराचं दर्शन घडलं. वाफेसाठी वर उघडी नळी बसेपर्यंत सगळे अंगणात उभे होते. एका म्हाताऱ्या बाबांनी खालून शिडी धरली. पुढे मामांनी सांगितल्याप्रमाणे फ्रीजर लोखंडी पट्ट्यांनी स्लॅबला बांधला, काचेच्या कडा घासल्या, गिझरमधल्या वायरी उपटून टाकल्या. बॉम्ब गेला, पण गोरखचं वर-खाली काही थांबेना. जेवताना उठून तो वर जाई, काचेवर हात ठेवी, खाली येई, आणि काच गरम होती का हातच गरम होता हे बघायला पुन्हा वर जाई. पॅसेंजर आता पौडलाच विचारून घेऊ लागले, "सरळ जानार का शिडीवरनं?"

आणि मग एका थंडीच्या सकाळी त्याने नळ सोडला आणि हात मागे ओढला. चटका बसला होता. त्याने तसाच नांद्याला फोन लावला.

"पल्लवे, भाजलं!"

"काय भाजलं?"

"हात! सोलरनं!"

एवढ्या आनंदाने भाजलेला माणूस पल्लवीने पाहिला नव्हता. "रविवारी येते," ती म्हणाली. "बाबा बी येनार हायेत. ते बगून पास करतील, तरच ऱ्हाईन. न्हाईतर त्याच पावली माघारी."

गोरखची चूक झाली ती इथे. हर्षाच्या भरात त्याने सगुणाबाईंना बोलावून एक बादली गरम पाणी दिलं. अंघोळ करून बाई ओट्यावर आल्या आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माज्या काचंचं पानी लई कडक हाय बाई!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात जनार्दन. खांद्यावर टॉवेल, हातात बादली.

"टाक्या माज्या," त्याने समजावून सांगितलं. "पानी काय काचंत ऱ्हातं व्हय?"

त्याच्यामागे मनीष. "काळा रंग न्हाई तर ऊन बसतं का सांग." मनीषच्या मागे गंगूमावशी. त्यांनी फक्त स्लॅबवरच्या गोधडीकडे बघून पदराने डोळे पुसले. त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती होती? शेवटी विठ्ठलराव स्वतःच्या गाडीतून आले. कार्यालयात मोठा बंब असूनही आले, कारण प्रश्न पाण्याचा नव्हता, हक्काचा होता.

कोळवण खोऱ्यात भाताला बंधाऱ्याचं पाणी पाळीने मिळतं. ज्याचा वाटा त्याची पाळी, आणि पाळीवरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. गल्लीने हाच कायदा फ्रीजरला लावला. गोरखच्याच ओट्यावर बैठक बसली, गोरखनेच चहा केला आणि पाळ्या ठरल्या.

"माजी कंची?" गोरखने विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. "तुजं काय हाय त्याच्यात?" मनीष म्हणाला.

"म्या केलाय की! डोकं माजं हाय!"

"ते बी भंगारातलंच."

"स्लॅब माजा हाय!"

"स्लॅब काय तापतो व्हय? मग समद्या गावाच्या स्लॅबवर पानी तापलं असतं," विठ्ठलराव शांतपणे म्हणाले. "ऊन देवाचं, सामान आमचं. तू आपला मधी उभा ऱ्हायलास, एवढंच."

गोरखने हात जोडले. "निदान रविवारी सोडा. पल्लवी येनार हाय, पोरीला घेऊन. मामांनी पास केलं न्हाई तर ती माघारी जाईल वो!"

"हां हां, रविवारी बगू," सगळे म्हणाले. ज्याला काही करायचं नसतं तो माणूस जसं म्हणतो, तसंच.

रविवारी सगळ्यांना सुट्टी. आज पाणी पाहुण्यांना जाणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून आपली बादली त्याआधी भरावी हेही प्रत्येकालाच सुचलं. गोरख जीप घेऊन पाहुण्यांना आणायला गेला आणि परत आला, तेव्हा न्हाणीसमोर विठ्ठलरावांपासून गंगूमावशींपर्यंत सगळे ओळीने उभे, आणि प्रत्येकाच्या बादलीतून वाफा निघत होत्या. गोरखने स्टिअरिंगवरच डोळे मिटले.

शेडगेमामा खाली उतरले. पल्लवी पोरीला कानटोपीसकट छातीशी धरून जीपमध्येच बसून राहिली. मामा सरळ शिडीने वर गेले. पट्ट्या हलवून पाहिल्या, काचेच्या कडेवरून बोट फिरवलं, वाफेच्या नळीत फुंकर मारली. खाली आले आणि खाकी आवाजात म्हणाले,

"मशीन कुनाच्या मालकीचं?"

"माजी काच हाय," सगुणाबाई पुढे झाल्या.

"टाक्या माज्या."

"फ्रीजर आमच्या कार्यालयाचा. आमी समदेच मालक हाओत, पाव्हणं," विठ्ठलराव म्हणाले.

"बरं झालं," मामा म्हणाले. "उद्या फुटलं, कोन भाजलं, लेकरा-बाळाला काय झालं, तर चौकीत जबाब द्यायला एक नाव लागतं. कुनाचं सांगू?"

ओळीतल्या सगळ्या बादल्या एकेक पाऊल मागे सरकल्या.

"तशी काच," सगुणाबाई म्हणाल्या, "कुनाकडं बी आसती."

"ह्या टाक्या माज्या न्हाईत," जनार्दन वर बघून म्हणाला. "माज्या पांढऱ्या हुत्या."

"आन् काळा रंग काय, जगात मी एकटाच लावतो?" मनीष म्हणाला. विठ्ठलरावांना कार्यालयात लग्न असल्याचं आठवलं. गंगूमावशींनी आपली गोधडी ओळखलीच नाही. क्षणात सगळे आपापल्या बादल्या घेऊन आपापल्या दारांत गडप झाले. विठ्ठलराव बादलीसकट गाडीत बसले, फक्त गाडी सुरू करायची विसरले.

अंगणात गोरख एकटा उरला.

"माजं हाय, मामा," तो म्हणाला. "चिंध्या त्यांच्या, पन केलंय म्या. काय झालं तर माजं नाव घाला."

मामांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढ्या वर्सांच्या नोकरीत," ते सावकाश म्हणाले, "फॉल्ट माजा म्हननारा मला अजून घावला नव्हता. सोड नळ."

गोरखने नळ सोडला. मामांनी धारेखाली हात धरला. पाणी असं गार होतं की मामांनी हात झटकून काखेत घातला.

"हे काय?"

जितकं गरम बाहेर गेलं होतं, तितकं गार आत आलं होतं, आणि कुणाचं नाव घ्यायची आता गोरखला सोय नव्हती. जीपमध्ये पल्लवीने बॅग पुन्हा मांडीवर घेतली.

तेवढ्यात समोरचं दार किलकिलं झालं. गंगूमावशी बादली सावरत आल्या. "घे गं पोरी," त्या पल्लवीला म्हणाल्या, "लेकराला न्हाऊ घाल. चुलीवरचं हाय हां. त्या मशीनचा काय संबंद न्हाई."

त्यांच्यामागून सगुणाबाई आल्या, चुलीवरचं पाणी घेऊन. मग जनार्दन, चुलीवरचं. मनीषच्या घरी तर चूलच नव्हती, तरी त्याचंही चुलीवरचंच. शेवटी गाडीचं दार उघडून विठ्ठलरावही बादली घेऊन आले. त्यांनी चूल कुठे मांडली होती हे कुणी विचारलं नाही.

मामांनी प्रत्येक बादलीत बोट घालून पाहिलं. सगळीकडे चटका सारखाच. पोरीसाठी एका बादलीत गार पाणी मिसळून त्यांनी कोपर बुडवून पाहिलं आणि मान हलवली.

पल्लवी खाली उतरली. तिने गल्लीकडे एकदा नजर टाकली. एकाही कौलातून धुराची रेघ निघत नव्हती. थंडीतलं आभाळ अगदी धुतल्यासारखं होतं. तिने बॅग गोरखच्या हातात दिली.

"गंगूमावशी," ती मोठ्याने, सगळ्या दारांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उद्यापास्नं पोरीची अंगूळ झाली, की मगच चुली पेटवा हां."

"व्हय गं बाई," सगळी गल्ली एकदम म्हणाली, "आमी कुटं कदी आदी पेटवतो?"